आपल्या टीव्हीवरचा मारिओ यूट्यूबपेक्षा सावकाश का वाजायचा? (जुन्या व्हिडिओ गेमच्या संगीताचा धागा)

गंगावेशकर

जुन्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमची गाणी आता यूट्यूबवर एकूण एक मिळतात. मारिओ, कॉन्ट्रा, डबल ड्रॅगन, सर्कस, बॉम्बरमॅन, पेंग्विनवाला गेम, काहीही शोधा. रात्री जेवणं झाली की मी ती लावून बसतो आणि दर वेळी एकच गोष्ट खटकते: सगळं फार घाईत चाललंय. चाल तीच, सूर तेच, पण लय आपली नाही. आमच्या घरी जो मारिओ वाजायचा तो याच्यापेक्षा निवांत होता.

कुणी म्हणेल, लहानपणीचं सगळं संथच आठवतं. पण माझ्याकडे पुरावा आहे. १९९६ च्या उन्हाळ्यात आमच्या दादाला ती चाल पेटीवर बसवायची होती. रोज टीव्ही कोण लावू देणार? म्हणून त्यानं टेपरेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरला चिकटवून पहिली स्टेज रेकॉर्ड केली होती. ती कॅसेट परवा माळ्यावर सापडली. वर बॉलपेननं ‘मारिओ’ आणि खाली ‘पुसू नये’. टेप चालू होते, गाणं ऐकू येतं, मधेच आई हाक मारते, कुकरची शिट्टी होते. आणि लय मला आठवते तीच आहे.

नव्या पोरांसाठी सांगतो. आपल्याकडे सामुराय, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी जी मशीन यायची, ती सगळी निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल. फॅमिकॉम जपानात १९८३ साली निघालं. गल्लीत निन्टेंडो हे नाव कुणाला माहीत नव्हतं, सगळ्याला ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचं.

तर दोन प्रश्न. लय का वेगळी? आणि तुमच्या कानात अजून कुठल्या गेमचं गाणं आहे?

शाहूपुरी_सहावी_गल्ली

भावा, विषय काढलास तो लै भारी काढलास!

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. कॉन्ट्राची पहिली स्टेज. जंगलात दोघं वरनं उडी मारून उतरतात आणि गाणं पहिल्या ठोक्यापासनं अंगावर येतं, ओळखपाळख काही नाही. आमच्या गल्लीत एकाकडंच मशीन होतं आणि तो तासावर भाड्यानं खेळायला द्यायचा. दोघं खेळणार, आठजण मागं बसून बघणार. आपला नंबर येईपर्यंत कानावर फक्त ते गाणं. त्यामुळं स्टेजमधल्या गोळ्या कुठनं येतात ते मला गाण्यावरनं कळायचं. ही जागा आली की उजवीकडच्या खडकातनं गन वर येणार, हे पाठ.

तीस लाईफचा कोड पण गाण्यासारखाच पाठ होता. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. नंतर वाचलं की हा कोड मुळात कॉन्ट्रासाठी नव्हताच. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या ग्रेडियससाठी तो घातला होता, गेम तपासताना त्यांनाच अवघड जात होता म्हणून. हाशिमोतो २०२० मध्ये गेले. त्यांच्या कोडामुळं आमच्या पेठेतली किती पोरं शेवटच्या स्टेजपर्यंत पोचली!

कॉन्ट्राची चाल आर्केडच्या मशीनवर काझुकी मुराओका यांनी केली आणि घरच्या कॅसेटवर ती हिदेनोरी माएझावा आणि त्यांच्या मंडळींनी उतरवली. मला कॅसेटवालीच जास्त आवडते. तिच्यात जोर जास्त आहे.

लयीचं मात्र सांगता येत नाही. जाणकार येतीलच.

माहेर_कोल्हापूर

माझा आवडता पेंग्विनवालाच. बर्फावरून पळत सुटायचं, खड्डे चुकवायचे, मधेच मासा उडतो तो पकडायचा, शेवटी तळावर पोचलं की झेंडा. मुलांना तो बाळबोध वाटायचा, त्यामुळे तो आम्हा मुलींच्या वाट्याला निवांतपणे यायचा. राजारामपुरीत मावशीकडे आम्ही चौघी मावसबहिणी पाळीपाळीनं खेळायचो आणि जिची पाळी नाही ती तोंडानं गाणं म्हणायची.

आता गंमत ऐका. मागच्या वर्षी माझ्या लेकीनं पियानोच्या क्लासचं पुस्तक उघडलं आणि वाजवायला लागली, तर पेंग्विनचं गाणं! पुस्तकात नाव होतं ‘स्केटर्स वॉल्ट्झ’, रचनाकार एमिल वाल्डटॉयफेल, फ्रेंच, साल १८८२. मग शोधलं. गेमचं नाव अंटार्क्टिक अॅडव्हेंचर, कोनामीनं १९८३ साली काढलेला, आणि बर्फावर घसरण्याचा खेळ म्हणून त्यांनी बर्फावर घसरणाऱ्यांची जुनी चालच उचलली. शंभर वर्षांपूर्वीचं पॅरिसचं नाचगाणं राजारामपुरीत आम्ही चौघी गुणगुणत होतो.

सर्कसचंही तसंच. सिंहावर बसून जळत्या कड्यांतून उड्या मारताना जे वाजतं, ते ‘अमेरिकन पेट्रोल’ नावाचं १८८५ चं बँडचं संचलनगीत आहे.

आणि हे ज्यांना आठवेल त्यांनी हात वर करा: ‘९९९९९९९ इन १’ची कॅसेट. लावली की समुद्रकिनारा, उडणारे पक्षी, गेमची यादी, आणि मागे एक हळवं गाणं. कितीतरी वेळा मी गेम सुरूच न करता ती यादी नुसती खालीवर करत बसायचे, गाणं थांबू नये म्हणून. ते ‘अनचेन्ड मेलडी’, संगीतकार अॅलेक्स नॉर्थ, १९५५ च्या एका अमेरिकन चित्रपटातलं. ज्यांनी ती कॅसेट बनवली त्यांनी परवानगी घेतली नसणार, पण निवड फार चांगली केली.

मुस्तफा_भक्त

✋ पक्षीवाली कॅसेट! आज कितीतरी वर्षांनी आठवली.

माझं मत मुस्तफाला. बसस्टँडजवळच्या पार्लरमध्ये कॉइन टाकून खेळायचो. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम, १९९३. त्याचा आवाज क्यूसाउंड नावाच्या, आवाजासाठीच्या वेगळ्या बोर्डावरनं यायचा, म्हणून तर तो असा घुमायचा. पार्लरच्या बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू यायचा.

गंगावेशकर

मुस्तफाला मानतोच, पण तो पार्लरचा. त्याच्यासाठी वेगळा धागा काढू. इथं घरचं मशीन.

सोल्डरवाला

उद्यमनगरात माझं रिपेअरीचं दुकान आहे. टीव्ही, अॅम्प्लिफायर, आणि एके काळी ही मशीनं ढिगानं यायची. गंगावेशकर, तुमचा कान बरोबर आहे. कारण सांगतो, जरा लांबेल.

गेममधलं गाणं म्हणजे रेकॉर्ड केलेलं गाणं नव्हे. गेमच्या कॅसेटमध्ये फक्त सूचना असतात: आता हा सूर, इतका वेळ, इतक्या आवाजात. ते वाजवायचं काम मशीनच्या मुख्य चिपचं. जपानी मशीनमध्ये ती रिको कंपनीची २ए०३. तिच्यात पाच आवाज. दोन ‘पल्स’, हे चाल आणि जोडसूर धरतात. एक ‘ट्रँगल’, हा खर्ज धरतो, आणि त्याला आवाज कमीजास्त करायची सोयच नाही, एक तर चालू नाही तर बंद. चौथा ‘नॉइज’, नुसती खरखर, तिचे तुकडे करून ढोल-झांज बनवतात. पाचवा बारीकसे रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवतो. बस. एवढ्यावर सगळा कारभार.

आता लय. सूचना पुढं कधी सरकवायच्या हे चिपला कळणार कसं? बहुतेक गेम टीव्हीच्या चित्रावर मोजतात. पडद्यावर एक चित्र काढून झालं की गाणं एक पाऊल पुढं. जपान-अमेरिकेत टीव्ही सेकंदाला ६० चित्रं काढायचा. आपल्याकडं टीव्ही पॅल पद्धतीचा, सेकंदाला ५०. आपल्या टीव्हीला चालावं म्हणून बनवलेलं मशीन ५० वर चालतं, पण कॅसेटमधला गेम ६० धरूनच लिहिलेला. म्हणजे ६० पावलं टाकायला एका सेकंदाऐवजी सव्वा सेकंदाच्या जरा आत, १.२ सेकंद लागणार. गाणंच नाही, मारिओ स्वतःपण सावकाश पळायचा आणि सावकाश उडी मारायचा.

साधी परीक्षा आहे. यूट्यूबवर एक मिनिट चालणारा तुकडा तुमच्या टेपवर १ मिनिट १२ सेकंद चालायला पाहिजे. मोजून बघा.

गंगावेशकर

मोजला. सुरुवातीपासून धरला तर मधे आईची हाक येते आणि जागा सापडत नाही, म्हणून दुसऱ्या फेरीपासून धरला. यूट्यूबवर एक मिनिट, टेपवर १ मिनिट १२. सेकंदाचा काटा तिथंच आला!

सेगावाला

पुरावा म्हणून हे चालणार नाही. तीस वर्षांची टेप, जुना टेपरेकॉर्डर. बेल्ट सैल झाला की टेप हळूच चालते. मशीनमुळं झालं की टेपमुळं, हे यावरून ठरत नाही.

पेटीमास्तर

नमस्कार. मी पेटी शिकवतो. व्हिडिओ गेम मी कधी खेळलो नाही, पण माझ्याकडे येणारी मुलं ‘सर, मारिओ शिकवा’ म्हणायची, त्यामुळे ही चाल मला चांगली परिचयाची आहे.

सेगावाला यांची शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर सुरात आहे. टेप हळू चालली तर लय आणि सूर दोन्ही एकदमच उतरतात. लय एवढी उतरायची, तर सूर पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या धरून पूर्ण तीन पट्ट्या उतरायला हवा. यूट्यूबवरचं गाणं पांढरी एकमध्ये आहे. दोष टेपचा असेल तर गंगावेशकरांच्या कॅसेटवर ते पांढरी सहामध्ये ऐकू आलं पाहिजे. त्यांच्या घरी पेटी आहे. लावून सांगावं.

गंगावेशकर

मास्तर, दादाला फोन केला, तो संध्याकाळी पेटी घेऊन बसला. पांढरी एकच. किंचित उतरल्यासारखी वाटते म्हणाला, पण पट्टी बदललेली नाही. म्हणजे सूर जागेवर आणि लय तेवढी उतरलेली.

सोल्डरवाला

मास्तर, दंडवत घ्या! ही परीक्षा मला सुचली नसती.

‘किंचित उतरल्यासारखी’ हेसुद्धा जुळतंय. सूर चित्रावर नाही, चिपच्या घड्याळावर ठरतो. जपानी मशीनचं घड्याळ १.७९ मेगाहर्ट्झ. आपल्याकडं आलेल्या पॅल नकलांचं १.७७. फरक शेकडा एकाच्या आतबाहेर, म्हणजे अर्ध्या पट्टीचा पण नाही, पट्टीच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका. निन्टेंडोनं स्वतः युरोपात विकलेल्या मशीनचं घड्याळ १.६६, तिथं सूर एक पट्टीभर उतरतो. नक्कल करणाऱ्यांनी सूर सांभाळला आणि लय सोडून दिली.

पेटीमास्तर

मग ही लय चुकीची म्हणायचं कारण नाही. आपल्याकडे एकच बंदिश कुणी मध्य लयीत मांडतो, कुणी तिला आणखी विसावा देतो, आणि त्यामुळे तिच्यातल्या वेगळ्याच जागा दिसतात. अल्लादिया खाँसाहेब ज्या कोल्हापुरात राहून गायले, त्या गावाला हे वेगळं सांगायला नको. मी दोन्ही मारिओ पाठोपाठ ऐकले. संथ मारिओत खर्जाची हालचाल स्पष्ट कळते. वेगवान मारिओत ती चालीच्या मागे दडते. खर्ज किती विचारपूर्वक बांधला आहे हे मला आपल्या गावच्या टेपवरून कळलं.

आणि माहेर_कोल्हापूर ताई, तुमचं पेंग्विनचं गाणं तीन मात्रांच्या झोक्यावर आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी ते दादऱ्याच्या ठेक्यावर वाजवायला लावतो, मुलं लगेच धरतात.

सेगावाला

टेपबद्दल मी मागं घेतो, परीक्षा चोख आहे. पण मास्तर, बंदिशीचा मुद्दा मला पटत नाही.

गवई लय निवडतो. इथं कुणी निवडलेली नाही. कोजी कोंडो यांनी १९८५ मध्ये ही चाल बांधली ती मारिओच्या पळण्याशी, उडीशी जुळवून. गाण्याचा ताल आणि बोटांचा ताल एक व्हावा यासाठी त्यांनी मेहनत घेतली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं राष्ट्रीय ध्वनिसंग्रहात हे गाणं घेतलं, व्हिडिओ गेममधलं पहिलंच. त्यांनी घेतलं ते कोंडोंच्या लयीतलं. आपण ऐकलं ते टीव्हीच्या पद्धतीमुळं ओढलं गेलेलं. रचनाकाराच्या बाजूनं कुणी बोलणार की नाही?

माझं प्रेम सेगाच्या मेगा ड्राइव्हवर. १९८८ चं मशीन, त्यात यामाहाची एफएम चिप (रेडिओचं एफएम नव्हे, सूर घडवायची पद्धत), सहा आवाज, शिवाय वेगळी छोटी चिप. युझो कोशिरो यांनी १९९२ च्या स्ट्रीट्स ऑफ रेज २ साठी जे केलंय, ते हेडफोन लावून ऐका. त्यांनी संगीत लिहायला स्वतःची संगणकाची भाषा बनवली होती, एवढं बारीक काम! तिथंही तेच दुखणं. सॉनिकचा पहिला गेम, संगीत मासातो नाकामुरा यांचं, युरोपच्या पॅल मशीनवर संथ वाजतो. सॉनिक २ च्या वेळी सेगानं संगीताचा वेग पॅलसाठी सावरला. कंपनीनं स्वतः सावरला म्हणजे कंपनीच्या लेखी तो दोषच होता.

माहेर_कोल्हापूर

सेगावाला, रचनाकाराचा मान ठेवायचाच. पण गेमच्या गाण्यात रचनाकार एकटा नसतो, हे सोल्डरवाल्यांच्या माहितीतूनच निघतंय. आवाज मोजके. मग मारिओनं उडी मारली की उडीचा आवाज कुठून येतो?

सोल्डरवाला

बरोबर पकडलंत ताई. उडी मारली की गाण्याच्या एका पल्सची जागा तेवढ्यापुरती उडी घेते. नाणं घेतलं की दुसऱ्या पल्सची. वीट फोडली की खरखरीची, म्हणजे तेवढा वेळ ढोल गप्प. गाणं मागं चालूच असतं, पण ऐकू येत नाही.

त्यामुळं कुणाचाही मारिओ दुसऱ्यासारखा वाजत नाही. दहा नाणी सलग घेणाऱ्याच्या गाण्यात तेवढी भोकं. वेळ १०० च्या खाली गेला की गेम स्वतःच गाणं पळवतो. गंगावेशकर, तुमच्या टेपवर उड्या ऐकू येत असतील तर दादा कुठं उडी मारत होता ते अजून सांगता येईल.

गंगावेशकर

येतात की! आणि पहिल्या पाइपाजवळ तो जरा थांबतो, मग उडी. तो नेहमी तिथं थांबायचा. परवा पेटी घेऊन बसला होता तेव्हा मी त्याला ते ऐकवलं. त्यानं टेप मागं घेऊन तेवढंच पुन्हा ऐकलं.

कळंब्याचा

मी जरा वेगळंच सांगतोय. आमच्याकडं गाणं यूट्यूबसारखंच पळायचं. काकांनी आखातातनं मशीन आणलं होतं. अडचण एवढीच की टीव्हीवर चित्र काळंपांढरं यायचं. शेजारच्यांच्या मशीनवर रंग, आमच्यावर नाही. टीव्ही बदलून बघितला, वायर बदलून बघितली, रंग काही आला नाही. मग सोल्डरवाल्यांचं गणित आमच्याकडं का लागू नाही?

सोल्डरवाला

तंतोतंत लागू आहे. तुमचं मशीन एनटीएससी पद्धतीचं, ६० वालं. आपल्या पॅल टीव्हीला त्याचं चित्र कसंबसं धरता यायचं, पण रंगाची सांकेतिक पद्धत वेगळी, म्हणून रंग गायब. रंग गेला तर लय मूळची, रंग आला तर लय उतरलेली. दोन्ही एकत्र त्या काळच्या साध्या टीव्हीवर मिळत नव्हतं. असली मशीनं माझ्याकडं ‘रंग येत नाही’ म्हणून यायची. त्यात बिघाड काही नसायचा.

म्हणजे कळंब्यात कोंडोंची लय वाजत होती आणि गंगावेशीत दुसरी. एकाच गावात.

शाहूपुरी_सहावी_गल्ली

नाद खुळा!! काळ्यापांढऱ्या मशीनचं मला पण आठवतंय. त्या घरात गेम अवघड जायचा, सगळं जोरात यायचं. आम्ही म्हणायचो, यांची कॅसेट कडक आहे.

सोल्डरवाला

अजून एक सांगायचं राहिलं आणि ते मला लयीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पल्सच्या आवाजाचा पोत बदलता येतो. लहरीचा किती हिस्सा वर आणि किती खाली, यावर तो ठरतो. अर्धाअर्धा ठेवला तर आवाज पोकळ, गोल. पाव हिस्सा ठेवला तर नाकातला, धारदार. रचनाकार प्रत्येक ओळीसाठी हे ठरवून लिहितो. तैवानच्या यूएमसीनं बनवलेल्या नकलेच्या चिपांत आणि तसल्याच कितीतरी चिपांत हे दोन उलटे झालेत. जिथं गोल पाहिजे तिथं धारदार, जिथं धारदार तिथं गोल. यूट्यूबवरची रेकॉर्डिंग बहुतेक अस्सल मशीनची किंवा संगणकावरची. लय तुम्ही संगणकावर संथ करून घ्याल, पण हा पोत तिथं नाही. तो फक्त आपल्या माळ्यावरच्या मशीनमध्ये आहे.

आणि ती मशीनं संपत चालली आहेत. सुरुवातीच्या मशीनमध्ये चिपा सुट्या होत्या, त्या काढून बदलता यायच्या. नंतरच्यांत एकच काळा डांबरासारखा ठिपका, त्याच्या आत सगळं. तो गेला की मशीन गेलं, दुरुस्ती नाही. कपॅसिटर सुकतात, ते मी बदलून देतो. तर माझं म्हणणं असं की वाद चालू द्या, पण आधी रेकॉर्ड करून घ्या. लय बरोबर की चूक हे नंतर ठरवता येईल. आवाज गेला तर काय ठरवणार?

पंचगंगातीर

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. आमचं मशीन २०१९ च्या पुरात गेलं. घर नदीकडंच्या अंगाला. माणसं आणि कागदपत्रं काढायच्या नादात कपाटाच्या खालच्या खणाकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. पाणी उतरल्यावर चिखलातनं मशीन, दोन रिमोट आणि गेमची गन काढली. कॅसेटी मात्र वरच्या फळीवर होत्या, त्या कोरड्या राहिल्या आणि २०२१ च्या पुरातही वाचल्या. एकूण अकरा आहेत. डबल ड्रॅगन २ ची वेगळी कॅसेट आहे, त्यात दुसरा काही गेम नाही. बॅटल सिटीची पण आहे. त्यात सुरुवातीचे ते चार-पाच सेकंद वाजतात आणि मग फक्त रणगाड्याची घरघर, पण तेवढ्या सुरांवर आमची अख्खी गल्ली गोळा व्हायची.

मशीन नाही, कॅसेटी आहेत. सोल्डरवाले, तुमच्या दुकानात आणून देतो. रेकॉर्ड करायला वापरा.

सोल्डरवाला

आणा. कॅसेटीच्या पट्टीवर फुंकर मारू नका, ओलावा बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस, बस. ओली झालेली गन पण आणा, ती कोरडी करून उघडून बघतो.

सेगावाला

माझं मत तेच आहे, कोंडोंची लय ती खरी लय. पण रेकॉर्ड करायला मी येतो. माझ्याकडं चांगलं ऑडिओ इंटरफेस आहे. टीव्हीच्या स्पीकरवरून नको. मशीनच्या मागं पिवळी आणि पांढरी पिन असते, पांढऱ्यातून थेट आवाज घेऊ. प्रत्येक गाणं दोनदा: एकदा गेम तसाच सोडून, मारिओ जागेवर उभा, म्हणजे गाण्यात भोकं पडणार नाहीत. एकदा खेळत. आणि प्रत्येक रेकॉर्डिंगबरोबर मशीनचं नाव, आतल्या चिपवर काय छापलंय ते, रंग येतो की नाही, हे लिहून ठेवायचं. नाहीतर पुढं कुणाला कळणार नाही कुठल्या मशीनचा कुठला आवाज.

पेटीमास्तर

मीही येईन. प्रत्येक गाण्याची पट्टी आणि लय मी लिहून देतो. सेगावाला, वाद आपण तिथं समोरासमोर बसून पुढं चालवू, दोन्ही लयींत पेटीवर वाजवून.

माहेर_कोल्हापूर

पक्षीवाल्या कॅसेटचं यादीचं गाणं विसरू नका, प्लीज. ते गेम नाही म्हणून सगळे गाळतात. आणि पेंग्विन. मावशीकडचं मशीन अजून आहे, तिला सांगून ठेवते. रिमोटचा ए चिकटतो, पण आवाज येतो.

कळंब्याचा

काळंपांढरं मशीन घेऊन येतो. एकच कॅसेट दोन्हींत लावू, तुलना तिथल्या तिथं.

गंगावेशकर

ठरलं मग. रविवारी सकाळी, सोल्डरवाल्यांच्या दुकानात. ते गाळा उघडून देतील. अडॅप्टर ज्याचा त्यानं आणावा आणि पोलॅरिटी बघून आणावा, काहींच्यात आतली पिन उणे असते. पत्ता व्यक्तिगत निरोपातून देतो. दादा पेटी घेऊन येतोय, टेप पण आणतोय.

शाहूपुरी_सहावी_गल्ली

एक राहिलं. बदकांचा गेम घ्यायचा असला तर गन नव्या सपाट टीव्हीवर चालत नाही, नळीवालाच पाहिजे. आमच्यात चौदा इंची आहे, चालू स्थितीत. रिक्षात घालून आणतो. कटवडे कुणी आणायचे तेवढं सांगा.